रेवणअण्णांचा कट्टा

रेवणअण्णांच्या दुकानात रेडिओ दुरुस्तीला द्यायचा म्हणजे तो ठेवून घरी जाता यायचं नाही. ते म्हणायचे, "बसा. तुमच्या डोळ्यांदेखत उघडतो." आणि खरंच उघडायचे. कानामागचा स्क्रूड्रायव्हर काढायचा, चार स्क्रू सोडवून बशीत ठेवायचे, पाठ काढायची आणि उघडा रेडिओ गिऱ्हाइकाच्या तोंडापुढं धरायचा. "बघा. हे तुमचं हाय. आत काय हाय ते तुम्हाला म्हाईत पायजे."

गिऱ्हाइकाला भालकीची बस धरायची असायची, नाहीतर म्हैस पिळायची असायची. "अण्णा, चालू करून द्या. आत काय का असंना," असं कुणी म्हणालं की अण्णा चष्म्यावरून त्याच्याकडं असं बघायचे, जणू त्यानं आपल्या लेकराचं नावसुद्धा माहीत नको म्हटलंय.

रेडिओ गेले, टीव्ही आले. टीव्हीच्या मागं डिश आली, डिशच्या मागं मोबाइल. अण्णांची ही सवय काही गेली नाही. पुढं आमच्या मेहकरातच स्टँडवर दुसरं दुकान निघालं. तिथं फोन काचेवर ठेवला की दहा मिनिटांत चालू होऊन मिळायचा, कुणी काही विचारायचं नाही, कुणी काही दाखवायचं नाही. गर्दी तिकडं. अण्णांच्या दुकानात बसायला बाकडं होतं, म्हणून गर्दी नसली तरी दोन म्हातारे कायम असायचे.

त्यांच्या दुकानाच्या मागची भिंत आणि आमच्या परसाची भिंत एकच. आमचे मालक होते तोवर दोघं त्या बाकड्यावर बसायचे, म्हणून मी त्यांची वैनी. दुसरं नातं माझ्या माहेराकडून. मी अफजलपूरची. अण्णांची थोरली बहीण अफजलपुरात दिलेली, माझ्या माहेरच्या घरापासून दोन दारं सोडून. तिला सगळा गाव अक्काच म्हणायचा, मीही. त्यामुळं मी माहेरी निघाले की अण्णा पिशवी घेऊन दारात हजर. पिशवीत अक्काला आवडणारी करडईची चटणी, आणि एखादी वायर. वायर कशाला ते अक्कालाही कधी कळलं नाही, पण ती जपून ठेवायची.

अण्णांना जाऊन आता वर्ष होत आलं. हैदराबादला लेकाकडं असतानाच वारले. मला लिहायला कुणी शिकवलेलं नाही, चौथीच्या पुढं शाळा नाही, बोलते तसं लिहिते. पण अण्णांचं लिहायला पाहिजे असं मनात बसून राहिलंय. त्यात माझंही काही आहे, ते पुढं येईलच.

त्यांच्या वायरींचं सांगते आधी. नजर कमी झाल्यावर बारीक आकडे दिसेनात, तर त्यांनी प्रत्येक वायरीला चिंधी बांधली. चिंध्या कुठल्या, तर बायकोच्या जुन्या लुगड्यांच्या. बाई जाऊन बरीच वर्षं झालेली. "हिरवी इरकल म्हणजे करंट, जांभळी म्हणजे नेट, आणि ही लाल काठाची हाय का वैनी, हिला हात लावायचा न्हाई," असं ते सांगायचे. दुकानाच्या त्या कोपऱ्यात सगळ्या रंगांच्या चिंध्या लोंबायच्या. बघणाऱ्याला वाटावं, नवसाचं झाड आहे.

आता कट्ट्याची गोष्ट.

आमच्या गावाचा फोनवर एक ग्रुप होता, अजून आहे. कुणाकडं बारसं, कुणाकडं माती, नळाला पाणी कधी, सगळं त्यात. पंचायतीच्या निवडणुकीत ग्रुप चालवणाऱ्या माणसाची निम्म्या गावाशी भांडणं झाली आणि एका सकाळी उठून त्यानं निम्मं गाव ग्रुपातून काढून टाकलं. त्याच दिवशी पाण्याचा टँकर आला. ग्रुपात होते त्यांच्या घागरी भरल्या. आम्ही काढलेल्यांत होतो, आमच्या रांजणात तळाचं पाणी.

चार दिवसांनी समेट झाला, सगळ्यांना परत घेतलं, लोक विसरले. अण्णा विसरले नाहीत. बाकड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "अख्खं गाव एका माणसाच्या बोटावर कामून असावं?"

उत्तर अण्णांनीच शोधलं. सहा महिने ते कॉम्प्युटरवर काय काय वाचत, बघत बसले. मग एक दिवस परसाच्या भिंतीवरून हाक आली, "वैनी, या बघायला." गेले. चिंध्यांच्या झाडाखाली विटेएवढी एक काळी पेटी. तिला हिरवा दिवा.

"हे काय अण्णा?"

"मेहकरचा कट्टा."

मग त्यांनी समजावलं ते मला कळलं तसं सांगते. पारावर असतो तसा प्रत्येक गावाचा आपला कट्टा. तो त्या गावातल्या एका पेटीत. फोनवरून कट्ट्यावर लिहायचं, गावातल्यांना ते दिसतं. आणि पेट्या एकमेकींशी बोलतात, म्हणून मेहकरवाल्याचं निर्णा गावातल्याला वाचता येतं, निर्ण्यातल्याचं अफजलपूरवाल्याला. मधे कंपनी नाही, जाहिरात नाही, मालक नाही. मेहकरची पेटी दुकानात होती. निर्ण्याची एका मास्तरांकडं दिली. अफजलपूरची अक्काच्या घरी, धान्याच्या कणगीवर. तिन्ही पेट्या अण्णांनी आपल्या हातानं जमवलेल्या.

"रोज अक्काशी बोलणं व्हईल," ते म्हणाले. मला वाटतं त्यांच्या मनात खरं हेच होतं. फोनवर अक्काला ऐकू यायचं नाही, वाचायला मात्र ती पक्की. पण अण्णा असं एकट्यापुरतं काही करणारे नव्हते. बहिणीशी बोलायचं तर तीन गावांना बोलतं करायचं, असा त्यांचा हिशेब.

आणि मग त्यांनी त्या मोठ्या ग्रुपातून आपण होऊन नाव काढलं. "दोन दगडांवर पाय ठेवला तर कट्ट्यावर कुणी येणार न्हाई," म्हणाले. सगळ्यांनी इकडं यावं, म्हणून आधी आपण तिकडून उठायचं. एकटेच उठले.

ते घरोघर निघाले. हातात वही. चाळीस पानांची, निम्मी मराठीत, निम्मी कन्नडात, स्वतःच्या अक्षरातली, आणि तिच्या झेरॉक्स. दारात बसायचे आणि म्हणायचे, "पान सात उघडा."

"अण्णा, परीक्षा हाय का काय?" आमच्या शेजारची महादेवी म्हणाली.

"परीक्षा न्हाई बाई. स्वतःच्या हातानं करा म्हणजे कळतंय."

महादेवीला मी चांगली ओळखते. तोंडाची फटकळ, पण गोड. तिचं माहेर निर्णा. त्या दिवशी मीही तिथंच होते, ओसरीवर तिच्या सासूबरोबर शेंगा फोडत. पान सातवर पहिलाच प्रश्न होता, कोणता कट्टा? आणि पुढं तीन नावं, मेहकर, निर्णा, अफजलपूर.

महादेवी थांबली. "अण्णा, तुम्हीच सांगा की कंचा."

"मी कामून सांगू? तुम्हाला पायजे तो. कुठला बी घेतला तरी सगळ्यांशी बोलता येतंय."

"मग विचारायलाव कशाला?"

अण्णांनी वही मिटली, परत उघडली. ह्या प्रश्नाला पानात उत्तर नव्हतं. तेवढ्यात महादेवीनं हळूच निर्ण्यावर बोट ठेवलं. सासूला वाचता येत नाही, पण सासवांना न वाचताही कळतं. "काय लावलीस गं?"

"निर्णा."

"निर्णा? मग हितं कामून ऱ्हायलीस? जा की."

शेंगा फोडता फोडता मी हसले खरी. पण घरी जाऊन मलाही तेच करायचं होतं. मालक गेलेले, मुलं बाहेर, मला विचारणारं कुणी नाही, तरी दोन दिवस माझं बोट हलेना. चाळीस वर्षं मेहकरची भाकरी खाल्ली. पण नाव घालायची वेळ आली तर मन अफजलपूर म्हणायचं. शेवटी अफजलपूर घातलं आणि चोरी केल्यासारखा फोन पदराखाली झाकला.

आमच्याकडं बाईला दोन गावं असतात. गावोगावच्या बायका अशाच. अण्णांनी जेव्हा गोळा करून बघितलं तेव्हा काय निघालं, तर मेहकरच्या कट्ट्यावर सगळे बाप्ये, आणि मेहकरात नांदणाऱ्या निर्ण्याच्या लेकी सगळ्या निर्ण्याच्या कट्ट्यावर. आणि निर्ण्यात नांदणाऱ्या, ज्यांचं माहेर मेहकर, त्या इकडं. प्रत्येकीच्या नावापुढं तिचा कट्टा लिहून यायचा. महादेवीच्या नवऱ्यानं बघितलं, बायकोच्या नावापुढं निर्णा. तो सरळ दुकानात आला.

"अण्णा, माझं लगीन झालंय का न्हाई?"

"झालंय की बाबा, मी जेवलोय."

"मग हे काय? पाव्हणे वाचायलेत, हसायलेत. बदलून द्या."

बदलता यायचं. अण्णांनी बदलून दिलं. पण पेटी अशी होती की माणसाला ह्या कट्ट्यावरून त्या कट्ट्यावर जाता येतं, ओळखीपाळखीही बरोबर येतात, आधी लिहिलेलं मात्र जुन्या जागीच राहतं. महादेवीनं महिनाभर काय काय लिहिलं होतं, आईच्या हातच्या हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची गोष्ट, विहिरीत पडलेल्या पाटल्यांची गोष्ट. ती म्हणाली, "म्हणजे मी यायचं आन माझं सामान तितंच."

"तसंच हाय बाई."

"ते आमाला नवीन न्हाई अण्णा," ती म्हणाली, आणि उठून चुलीकडं गेली. पुन्हा काही तिनं लिहिलं नाही.

अण्णांना हे कळायचंच नाही. ते मला विचारायचे, "वैनी, मी तर त्यांना मोकळीक दिली. निवडा म्हणालो. ह्यात वाईट काय झालं?" मी म्हणायची, "अण्णा, तुम्ही दारातच विचारायलाव, कुठल्या गावची म्हणून. त्या मोठ्या ग्रुपात कुणी विचारत न्हाई. नंबर टाकला की आत." ते मान हलवायचे. पण पान सात त्यांनी बदललं नाही. न विचारता कुणाचं नाव कुठं घालायचं हे त्यांना पटायचं नाही. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्यांनीही असंच विचारलं, हा कट्टा मराठीचा का आमचा? अण्णा म्हणाले दोन्हीचा. दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

आणि फुलं. पाचव्या दिवशी पेटी भरली. लोकांना सवय, सकाळी उठून गुलाबाचं फूल, उगवता सूर्य, वाफाळता कप, त्यावर शुभ सकाळ. तिकडं मोठ्या ग्रुपात किती का फुलं पडेनात, कुठं जातात कुणाला म्हाईत. इकडं ती सगळी त्या विटेएवढ्या पेटीत. अण्णांनी कट्ट्यावर लिहिलं, "कृपा करून फुलं कमी पाठवा. दोन ओळी स्वतःच्या लिहा."

"स्वतःचं काय लिहायचं अण्णा?" बाकड्यावरचा म्हातारा म्हणाला. "भाकरी केली, खाल्ली?"

"तेच लिहा. ते तुमचं हाय."

"माझं हाय म्हणून तर कोण वाचतंय?"

एकानं तर तोंडावरच विचारलं, "तिकडं त्याच्या बोटावर गाव होतं, इकडं तुमच्या बोटावर. फरक काय?" अण्णा रागावले नाहीत. उलट त्यांना प्रश्न आवडला. म्हणाले, "माझं न्हाई पटलं तर निर्ण्याच्या कट्ट्यावर जावा. तितून बी मेहकरशी बोलता येतंय. मी अडवू शकत न्हाई."

"एका माणसाशी पटंना म्हणून गाव कोण सोडतंय अण्णा?" तो म्हणाला आणि तंबाखू चोळत निघून गेला.

पुढं निर्ण्याच्या मास्तरांची बदली झाली. त्यांनी सामान आवरताना पेटीची वायर काढली, आणि निर्ण्याचा कट्टा तेवढ्यावर संपला. महादेवीची हुग्गी आणि पाटल्या त्यातच गेल्या. अण्णा निर्ण्याला जाऊन पेटी घेऊन आले, पण बदलीच्या धांदलीत ती पडली होती, आतलं काही निघालं नाही. तो पूर्ण आठवडा त्यांनी दुकान उघडलं पण दिवा लावला नाही.

आता माझं सांगते. सांगायलाच पाहिजे.

अफजलपूरच्या कट्ट्यावर आम्ही दोघीच होतो, अक्का आणि मी. अण्णांनी मला म्हटलं होतं, "वैनी, तुम्ही बोलणाऱ्या. तुम्ही रोज लिहिलाव तर बायका येतील. मला दुसरं काही नको." मी हो म्हणाले. पहिले दोन महिने लिहिलंही. अक्का रोज लिहायची. भीमेला पाणी किती, उसाला तोड आली का, सून कशी बोलली. तिचं सगळं तीन ओळींत असायचं आणि शेवटी नेहमी, "रेवण्या, जेवलास का?" इकडून अण्णांचं उत्तर, "जेवलो अक्का." मधे कधी माझं.

पण खरं सांगते, मला बोलायला माणसं लागतात. मी कट्ट्यावर एक लांबलचक गोष्ट लिहिली, आमच्या लग्नात वऱ्हाडाची जीप भीमेच्या वाळूत रुतली ती. तिथं ती तिघांनी वाचली. तीच मी ग्रुपात टाकली तर दुपारपर्यंत हसणारी तोंडं, जोडलेले हात, "काकू, पुढं काय झालं?" सोलापूरहून भाची, लातूरहून पुतणी. मग मी आधी तिकडं लिहायला लागले, मग इकडं. मग इकडं आठवड्यानं. मग नाहीच. अण्णा परसाच्या भिंतीवरून विचारायचे, "वैनी, बरं न्हाई का?" मी म्हणायची, "डोळे दुखायलेत." आणि आत येऊन त्याच डोळ्यांनी ग्रुप वाचत बसायची.

शेवटी कट्ट्यावर अण्णा आणि अक्का दोघंच उरले. मला वाटतं त्याचंही त्यांना काही नव्हतं. बहिणीशी बोलणं होत होतं.

मग एका आठवड्यात अक्काचं लिहिणं थांबलं. अण्णा भिंतीपाशी आले. "अफजलपूरची पेटी बंद पडली बघा. चार दिवस झाले, काही येईना. लाइटचं तितं लई अवघड हाय. पंख्याजवळ ठेवू नगा म्हणालो होतो." मी म्हणाले, "बघा की जाऊन." ते म्हणाले, "उद्या निघतो. एक सुटा भाग गुलबर्ग्यात मिळतोय, तो घेऊन जातो."

त्याच संध्याकाळी ग्रुपात निरोप आला. अक्काच्या लेकानं टाकलेला, मामाचं गाव म्हणून तोही ग्रुपात होता. आमच्या आईचं आज देहावसान झालं, उद्या सकाळी माती. अक्का चार दिवस अंथरुणाला होती हेही मला तेव्हाच कळलं. मी हात जोडलेलं चित्र टाकलं. डोळ्यांतून पाणी आलं, खोटं नाही. तशीच उठून भाकऱ्या थापायला बसले. भिंतीपलीकडं अण्णांच्या दुकानात स्क्रूड्रायव्हर ठेवल्याचा आवाज आला. आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही, की ह्या माणसाला हे कुणी सांगितलंय का. धरूनच चालले, सख्खी बहीण, त्यांना आधी कळलं असेल. सगळ्या जगाला कळलंय, त्यांना नाही का कळणार. ते ग्रुपात नाहीत हे मला पाठ होतं, आणि तरी आलं नाही मनात.

त्या वेळी सांगितलं असतं तर रात्रीची गाडी मिळत होती. सकाळी पोचले असते.

त्यांच्या भाच्यानंही फोन केला नव्हता असं नाही. एकदा लावला, लागला नाही. मग त्यानं विचार केला, ग्रुपात टाकलंय, मेहकरची पन्नास माणसं हायेत त्यात, कुणीतरी मामाला सांगेलच. पन्नासांनी हात जोडले. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं सांगितलं.

पुढचं मला माझ्या भावानं सांगितलं, तो मातीला होता. सगळे माती देऊन परत आले होते, दारात पाण्याची बादली, लोक पाय धुवून आत जायले. दुपार कलली होती. आणि बसस्टँडच्या बाजूनं रेवणअण्णा येताना दिसले. खांद्याला अवजारांची पिशवी. हातात सुटा भाग कागदात गुंडाळलेला, दुसऱ्या हातात करडईच्या चटणीचा डबा. गुलबर्ग्याला उतरून निवांत चहा पिऊन, दोन दुकानं फिरून आलेले. दारातली माणसं बघून त्यांना वाटलं काही कार्य आहे. हसून विचारलं म्हणे, "काय हो, आज काय हाय?"

माझ्याच भावानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं.

कळल्यावर ते आत गेले. बसवून, विभूती लावून, फुलांत सजवलेली अक्का आदल्या रात्रीपासून सकाळपर्यंत त्या ओसरीवर होती. तिथं आता नुसती शेणानं सारवलेली जागा. अण्णा त्या जागेपुढं उभे राहिले. मग कणगीकडं गेले. पेटीचा दिवा हिरवा होता. चालू होती. माझी भावजय म्हणाली, शेवटच्या दिवशी अक्कानं फोन मागितला होता, पण हातात धरवेना.

अण्णा मेहकरला परत आले ते मला दिसले, पण मी परसात गेले नाही. दहा-बारा दिवस मी धुणंसुद्धा पुढच्या दारी वाळत घातलं.

मग एका सकाळी ते पुढच्याच दारानं आले. मी उठायला लागले तर म्हणाले, "बसा वैनी." बसले. चहा घेतला, बशीत ओतून, नेहमीसारखा. अक्काचं त्यांनी काढलं नाही, मीही नाही. कप ठेवला आणि खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला.

"मला त्या ग्रुपात घ्या."

ग्रुप चालवायचं काम तेव्हा आम्हा तिघाचौघांकडं होतं, त्यात मी एक. मी त्यांचा नंबर शोधला, एकदा दाबलं, परत एकदा दाबलं. त्यांचा फोन टिंग करून वाजला.

"झालं अण्णा."

ते फोनकडं बघत राहिले. "एवढंच?"

"व्हय. एवढंच."

"काही विचारत न्हाई?"

"न्हाई."

थोडा वेळ त्यांनी बोटानं वरखाली करून बघितलं. "ह्यात आधीचं दिसंना."

"नवीन माणसाला आधीचं दिसत न्हाई अण्णा. आजपासूनचं दिसतंय."

हे सांगताना मला हायसं वाटलं, लाज वाटते लिहायला, पण वाटलं. तेवढ्यात ते म्हणाले, "तुमच्यात असंल की. बघू."

नाही कसं म्हणायचं. फोन दिला. ते मागं मागं जात राहिले, फुलं, सूर्य, कुणाचा वाढदिवस, पाणी, परत फुलं. मग बोट थांबलं. भाच्याचा निरोप त्यांनी दोनदा वाचला, ओठ हलवत. मग त्याच्या खालचे जोडलेले हात, एकेक. पुढं नाव असतं, आणि वेळ असते. वरून चौथं माझं होतं. तिथंही ते थांबले, आणि पुढं गेले. सगळे बघितले, शेवटपर्यंत.

मी म्हणणार होते, अण्णा, मला वाटलं तुम्हाला कळलंय. म्हणणार होते.

त्यांनी माझ्या फोनची काच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि फोन माझ्या हातात दिला.

"लई माणसं हायेत वैनी यात," म्हणाले.

एवढंच बोलून उठले. चपला घातल्या. मी दारापर्यंत गेले, "जेवून जावा," म्हणाले, ते ऐकू गेलं नसावं. पुढच्या आठवड्यात लेक येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेला, तेव्हा मी माहेरी गेले होते. त्यामुळं माझ्या डोळ्यांनी बघितले ते तेवढेच.

त्या सकाळी गल्लीतून जायले होते. चार पावलं गेले असतील, खिशात फोन टिंग करून वाजला. थांबले, काढला, डोळ्यांजवळ धरून बघितला, परत खिशात ठेवला. पुन्हा चालायला लागले. परत वाजला. परत थांबले, काढला, बघितला. नवीन माणूस आला म्हणून कुणीतरी फुलं पाठवायलं असणार. कोपऱ्यापर्यंत ते असेच जात राहिले, दर चार पावलांना थांबत, आणि दर वेळी फोन डोळ्यांजवळ धरून नीट वाचत.